बोटभरही न दुखलेला कान

आमच्या मस्तगड भागातले शेजारी उत्तममामा दुखणं मोजून सांगत. जन्म कापडाच्या दुकानात गेलेला, त्यामुळे त्यांचा गुडघा वीतभर दुखे, दाढ हातभर. कुणी नुसतं "लई दुखतंय" म्हटलं की चिडत. "लई म्हंजे किती? बराबर सांग!"

मामांचे दोन्ही कान लहानपणापासून वाहायचे. नोकरी सुटल्यावर त्यांनी आधी डाव्या कानाचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी कानामागून कापून आत नवा पडदा बसवला. मामा घरी आले ते डोक्याला फेट्याएवढी पट्टी बांधून. घास चावला की कळ मस्तकात जायची.

"किती दुखतंय?" मी विचारलं.

"आख्खा तागा!" मामा कण्हले. पण तोरा नवरदेवाचा. सारी गल्ली भेटून गेली. मामी वारलेल्या, म्हणून लेक सुनंदा वडीगोद्रीहून आली आणि मऊ खिचडी भरवत चांगली महिनाभर राहिली.

दोन वर्षांनी उजव्या कानाची पाळी आली. या वेळी डॉक्टरांनी कानाच्या भोकातूनच काम उरकलं. बाहेर ना टाका, ना पट्टी. नुसता कापसाचा बोळा.

"बोटभरबी दुखत न्हाई," मामा फसवणूक झाल्यासारखे म्हणाले. "ऑपरेशन केलं का नुसतं डोकावलं, देव जाणे!"

ज्याचं काहीच दुखत नाही त्याला भेटायला कोण येणार? मामांनी बूथवरून सुनंदाला फोन केला, तर तीही खूश. "बिलकुल दुखत न्हाई ना? मंग मी दिवाळीलाच येते."

दोन-तीन दिवसांनी बघतो तर मामा ओट्यावर बसलेले, डोक्याला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून.

"दुखून राह्यलंय," डोळे मिटून ते म्हणाले. मी घाबरलो आणि सुनंदाला कळवलं.

दुपारच्या एसटीनं ती धावत आली. हात धुतले, हलकेच पट्टी सोडली. सूज नाही, रक्त नाही, कानामागं साधा ओरखडाही नाही. मामा खाली मान घालून बसले.

सुनंदाची नजर त्यांच्या पिकल्या केसांवर गेली. मग तिनं ती पट्टी पुन्हा नीट गुंडाळली आणि गाठ मारली.

"ढिली झाल्ती, बाबा. म्हणून दुखत आसंल."

तिनं पिशवीतल्या साड्या एकेक काढून खुंटीवर टाकल्या आणि आतून विचारलं, "संध्याकाळी काय करू खायला?"