आवाजाची खंडेनवमी

"विद्याधरा, ही बोलते त्यात. तेवढं वाचव, बाकी सगळं वऱ्हाड गेलं तरी चालेल," असं म्हणून अप्पासाहेबांनी लेकीच्या लग्नाची कॅसेट भाडेकरूच्या हातात ठेवली आणि विद्याधरने ती घेतली. इथेच चुकलं. पुण्याहून बंगळूरला नोकरीला आलेल्या आणि खोलीत कॉम्प्युटर बाळगणाऱ्या माणसाने घरमालकाला 'बघतो' म्हणू नये. पण हे त्याला सांगणार कोण?

कॅसेटला बुरशी लागली होती. जयनगरातल्या स्टुडिओवाल्याने सांगितलं होतं, आणखी एकदा चालेल, फार तर दोनदा. अप्पासाहेबांच्या पत्नी भाग्यलक्ष्मीबाई जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि त्यांचा आवाज या कॅसेटखेरीज जगात कुठेही नव्हता. दसऱ्यानंतर त्यांचं श्राद्ध होतं. मुलगी अंजली हुबळीहून येणार आणि सगळ्यांनी मिळून सीडीवर आईला बघायचं, ऐकायचं, असा बेत होता.

विद्याधरने कॅसेट चालवून कॉम्प्युटरमध्ये उतरवली. पुढचं काम महाकंटाळवाणं. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची आणि वाट बघायची. आधी चित्र आवळायचं, म्हणजे त्याची फाइल लहान करायची, मग आवाज आवळायचा, मग दोन्ही एकत्र करून सीडीवर चढवायचं. कॉम्प्युटर रडतराऊत, एक पंगत उठवायला त्याला अर्धा दिवस लागायचा. कसंबसं चित्र झालं. डिस्कवर जागा उरेना म्हणून विद्याधरने मूळ चित्र पुसलं, आवाजाची कमांड सुरू केली आणि अमेरिकेतल्या क्लायंटला खंडेनवमी माहीत नसल्यामुळे तो ऑफिसला निघाला.

"अप्पासाहेब, कॉम्प्युटरला हात लावू नका हं. प्रोसेस चालू आहे."

"सरी, सरी. नाही लावत."

आता अप्पासाहेबांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी तलवार घेऊन या मुलखात आलेलं. तलवार गंजली, पण खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही, हा नेम कधी मोडला नव्हता. तलवार झाली, स्कूटर झाली, मिक्सर झाला. आणि वरच्या खोलीत भाडेकरूचं हत्यार सणासुदीचं घरघरत होतं. खोलीची दुसरी किल्ली मालकाकडेच होती.

संध्याकाळी विद्याधर परतला, तर कॉम्प्युटरच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर हळदकुंकू आणि पडदा मेलेला.

"तुम्ही हात लावलात?"

"छे, छे. तू नको म्हणालास ना? मी मेन स्वीच काढला. आज नवमी, बाबा. त्याला पण स्वल्प विश्रांती नको?"

आवाजाची एकुलती एक फाइल, जिच्यावरच कमांड चालली होती, मध्येच मोडली होती. तरी अजून मूळ कॅसेट होती, एकदा चालण्याइतकी. त्याने ती मागितली. ती देवघरात होती. तिचीही पूजा झाली होती, आणि तीही यथासांग, म्हणजे पुढची झडप उचलून आतल्या फितीला ओलं गंध लावून.

"अहो, फितीला गंध?"

"आत ती आहे ना रे. वरच्या प्लॅस्टिकला लावून काय उपयोग?"

विद्याधरने फीत पुसली, वाळवली, देवाचं नाव घेतलं आणि कॅसेट आत सरकवली. व्हीसीआरने फीत दोन वेळा गुंडाळली आणि कचकन तोडली.

श्राद्धाची जेवणं आटोपल्यावर सीडी लागली. मांडवात हिरव्या शालूत भाग्यलक्ष्मीबाई उभ्या होत्या. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. अंजलीने पदर तोंडाला लावला. विद्याधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अप्पासाहेब खुर्ची पुढे ओढून बसले.

"हे बघ, इथं ती म्हणते, 'यांना आधी वाढा. उशीर झाला की पित्त होतं यांना.'"

"अण्णा, तुम्ही तिथं कुठं होतात? तुम्ही आचाऱ्याशी भांडत होतात," अंजली वडलांना म्हणाली.

"म्हणून काय झालं? एवढा संसार केला मी. दुसरं काय बोलणार ती?"

मग रोज संध्याकाळी तेच सुरू झालं. सीडी लागायची, बाई तोंड हलवायच्या आणि अप्पासाहेब त्यांचं बोलणं सांगायचे. शेजारचे पद्मनाभ ऐकायला यायला लागले. सांगता सांगता अप्पासाहेब हसायचे आणि मग बराच वेळ डोळे पुसत बसायचे.

विद्याधरला मात्र अन्न गोड लागेना. डिस्क खरवडून त्याने मोडक्या फाइलचे तुकडे गोळा केले, कमांडवर कमांड चालवल्या. शेवटी एका रविवारी सकाळी थोडासा आवाज हाती लागला. तो चित्राला जोडून त्याने हेडफोन कानाला लावले. सनई, भांड्यांचा खणखणाट, आणि मग हिरव्या शालूतल्या भाग्यलक्ष्मीबाई, अगदी स्वच्छ.

"यांना काय सांगायचं, अक्का? जन्म गेला, माझं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकलं नाही या माणसानं. त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं."

विद्याधरने ते पुन्हा ऐकलं. मग तो खाली गेला.

"मिळाला का रे आवाज?" अप्पासाहेब उठूनच उभे राहिले.

"नाही, अप्पासाहेब. सगळा गेला."

अप्पासाहेब हळूच खुर्चीत बसले. मग विद्याधरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तिचा शब्द न् शब्द माझ्या कानात आहे."

विद्याधर वर आला आणि त्याने पुसून टाकायची कमांड टाइप केली. नक्की पुसायचं ना, असं कॉम्प्युटरने विचारलं. विद्याधरने हो म्हटलं.