सहाशे सहासष्ट चकल्या

माझी बायको मेधा भावाच्या लग्नासाठी पुण्याला गेली आणि मी चकल्या करायचं ठरवलं. (एकट्या माणसाने खरं तर ब्रेड आणावा.) पहिल्या घाण्यात अकरापैकी एक चकली चक्क गोल झाली. तिचा फोटो मी सिंगापुरातल्या सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकच्या वीचॅट ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये बहुतेक चिनी शेजारी. मी त्यात होतो तो फक्त लिफ्ट कधी बंद राहणार ते कळावं म्हणून.

मिनिटभरात शेजारच्या लिनबाईंनी लिहिलं, ‘६६६’.

मी हौगांगला राहणाऱ्या माझ्या मित्राला, निशिकांतला फोन लावला. "अरे, सहाशे सहासष्ट चकल्यांची ऑर्डर आलीय!"

"एवढ्या कशाला?"

"सहा आकडा शुभ असतो त्यांच्यात. लग्नबिग्न असेल घरात."

"नाही म्हण सरळ."

"चार वर्षांत पहिल्यांदा काही मागितलंय रे त्यांनी!"

तेवढ्यात आणखी चौघांनी ‘६६६’ लिहून लिनबाईंना दुजोरा दिला. मी ‘ओके’ लिहून मोकळा झालो.

शनिवार-रविवार आम्ही दोघं तळत होतो. भाजणी संपली तशी बिशानपर्यंतच्या मराठी घरांतून गोळा केली. सोऱ्या दाबून निशिकांतचा खांदा कामातून गेला. मेधाच्या फुलाफुलांच्या एप्रनमध्ये मी शेवटची चकली काढतोय, तोच माझी लेक प्रणिता शाळेच्या कॅम्पहून आली. तिने मेसेज वाचला आणि ती सोफ्यावर आडवीच झाली.

"बाबा, दॅट्स नॉट ऑर्डर, लाह! सिक्स सिक्स सिक्स म्हणजे ‘भारी’! चायनीज लोक नेटवर असंच लिहितात!"

निशिकांत खांदा धरून डबे मोजू लागला. मी गॅस बंद केला. प्रणिताने मात्र मैत्रिणींकडून शिकलेल्या चिनीत ग्रुपला सगळा प्रकार कळवला आणि डबे खाली न्यायला लावले.

ब्लॉकखाली आधी लिनबाई आल्या. एक चकली खाऊन त्या ओरडल्या, "लिउ, लिउ, लिउ!" म्हणजे तेच, सहा-सहा-सहा! मग रांग लागली. सिंगापुरात रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो, कशाची ते नंतर विचारतो. बसस्टॉपवरचे लोकसुद्धा बस सोडून आले. चाळीस मिनिटांत डबे रिकामे! टाळ्या झाल्या, आणि लिनबाईंनी माझा व्हिडिओ काढला.

सोमवारी तो नेटवर साठ हजार लोकांनी पाहिला होता. ऑफिसातले चिनी सहकारी मला उठून अंगठा दाखवत होते. घरी येऊन मी छाती फुगवून विचारलं, "प्रणिता, व्हिडिओवर चिनीत काय लिहिलंय गं?"

तिने वाचून दाखवलं, "‘बायको माहेरी गेली, अंकल कामातून गेले.’"