हेल्गेची नाडी

आक्सेल तिसऱ्यांदा थांबला तेव्हा टिल्डेने त्याला मनातल्या मनात शिवी हासडली, आणि तिथेच घोटाळा झाला. तिच्या मनगटावरच्या पट्ट्याने नाडी मोजली, ठोके एकशे अठरा भरले, आणि आक्सेलने आपला लांब पांढरा हात आणखी वीतभर मागे घेतला. समोरच्या पडद्यावर ठळक अक्षरं उमटली : ‘कृपया थोडी विश्रांती घ्या.’

आक्सेल हा यंत्रमानव, म्हणजे खरं तर नुसता एक हात. ओडेन्सेच्या विद्यापीठात टिल्डेने चार वर्षं खपून त्याला माणसाबरोबर एका टेबलावर पंप जोडायला शिकवलं होतं. तो एकेक स्क्रू हातात द्यायचा, माणूस बसवायचा. माणूस दमला किंवा गोंधळला की पट्ट्याला कळायचं आणि आक्सेल थांबायचा. हे थांबणं म्हणजेच टिल्डेचं संशोधन होतं. काल दिवसभरात तो एकदाच थांबला होता. पण आज पाहुणे आले होते.

पाहुणे दोघं. स्वेनबोरच्या पंप कारखान्याचा मालक हेल्गे, ज्याच्या सहीवर प्रकल्पाची पुढची तीन वर्षं आणि टिल्डेची नोकरी अवलंबून होती. आणि त्याच्या कामगारांची पुढारी गुर्ली, जी बावीस वर्षं त्याच्याकडे नोकरी करत होती आणि बावीस वर्षं त्याच्याशी भांडत होती.

“काय गं, हा दमला की तू दमलीस?” दालचिनीचा तिसरा पाव तोंडात कोंबत हेल्गेने विचारलं.

“तो दमत नाही. आणि मी... मी घाबरलेय.”

“मला?”

“थोडीशी.”

“त्यात काय! माझ्या कारखान्यात सगळेच घाबरतात. पंप होतातच ना?”

“मी नाही घाबरत,” गुर्ली म्हणाली.

“म्हणूनच तुझ्या विभागाचे पंप उशिरा येतात.”

दोन-तीन मिनिटांनी टिल्डेचा श्वास जाग्यावर आला, आक्सेल चालू झाला, हेल्गेने घड्याळाकडे बघितलं, आणि आक्सेल पुन्हा थांबला. शेवटी प्रोफेसर एस्बेन पुढे झाले. एस्बेन म्हणजे अख्ख्या विभागातला सगळ्यात थंड माणूस. प्रयोगशाळेला आग लागली असती तरी त्यांनी आधी कॉफी संपवली असती.

“दे तो पट्टा,” ते हळू आवाजात म्हणाले.

पट्टा बांधला आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आकडा आला : एकशे सव्वीस.

“एस्बेन, तूसुद्धा?” टिल्डे कुजबुजली.

“मी दिसतो तसा नसतो,” एस्बेन तोंडावरची रेषही न हलवता म्हणाले.

गुर्ली पोट धरून हसायला लागली. हेल्गेने मात्र कोट काढला आणि बाह्या वर सारल्या.

“आणा इकडे. अगं, मी पंप जोडत होतो तेव्हा तुझ्या आईला दात यायचे होते.”

त्याच्या जाडजूड मनगटाला पट्टा शेवटच्या भोकात कसाबसा बसला. आणि काय सांगावं, काम झकास सुरू झालं! आक्सेल स्क्रू देतोय, हेल्गे बसवतोय, मधेच टिल्डेकडे बघून भुवया उडवतोय. सहा स्क्रू झाले. सातव्याला आक्सेल थांबला. पडद्यावरचा आकडा जाऊन तेच वाक्य आलं : ‘कृपया थोडी विश्रांती घ्या.’

“मला कसली विश्रांती? आण रे स्क्रू!”

आक्सेल ढिम्म. पाच मिनिटं गेली, दहा गेली. हेल्गे आधी दरडावून बोलला, मग गोडीत बोलला, मग त्याने टेबलावर मूठ आपटली. त्याचा चेहरा बिटासारखा लाल झाला. गुर्लीचं हसू मावळलं.

“हेल्गे, खाली बस.”

“मला काही झालेलं नाही!”

“हिच्या वेळी तो थांबला, पण परत सुरू झाला. तुझ्या वेळी तो हलायलाच तयार नाही. त्याला काहीतरी कळलंय.”

“त्या लोखंडाला?”

“कोट घाल. हॉस्पिटलला चल.”

“गुर्ली, मी मालक आहे!”

“गाडी माझी आहे. चल म्हणते ना!”

बावीस वर्षांत पहिल्यांदाच गुर्लीचं म्हणणं विनाअट मान्य झालं. गाडी गेली. संध्याकाळी सगळं आवरल्यावर टिल्डेने आक्सेलची नोंद उघडली. थांबतानाची हेल्गेची नाडी : चौऱ्याहत्तर. त्या दिवसातली सगळ्यात शांत नाडी. खाली लिहिलं होतं, थांबण्याचं कारण : स्क्रू संपले.

टिल्डेने स्क्रूंचा डबा उघडून पाहिला. रिकामा. दर वेळी काम अर्धवट सोडून नव्याने मांडताना कोणी स्क्रू भरलेच नव्हते. आणि आक्सेल कशानेही थांबला तरी पडद्यावर तेच एक वाक्य यायचं. बाकीची वाक्यं लिहायला तिला सवडच झाली नव्हती.

ती फोन उचलणार तोच फोन वाजला. पलीकडे गुर्ली होती.

“डॉक्टरांनी त्याला लगेच आत घेतलं गं! हृदयाची एक नळी जवळजवळ बंद होती. महिनाभरात कुठेतरी कोसळला असता म्हणाले. तुझ्या त्या आक्सेलला माझ्यातर्फे मिठी मार!”

चारच दिवसांनी हेल्गेची सही आली. तीन नाही, पाच वर्षांसाठी. सोबत चिठ्ठी होती : ‘ज्या यंत्राला नाडी कळते, त्याला पैसे कमी पडता कामा नयेत.’

“सांगावं लागेल,” एस्बेन म्हणाले. “ही सही चुकीच्या समजावर आहे.”

“तू सांगतोस?”

“माझी नाडी तू पाहिलीच आहेस.”

म्हणून शनिवारी टिल्डे एकटीच कागद आणि ट्यूलिपचा गुच्छ घेऊन स्वेनबोरला गेली. दार हेल्गेच्या बायकोने, बोडिलने उघडलं. टिल्डेने पायातले बूटही काढले नाहीत, दारातच सगळं सांगून टाकलं. बोडिलने तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून टिल्डेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“स्क्रू संपले होते?” बोडिलने कसंबसं विचारलं. ती हसत होती. “अगं, एकतीस वर्षं मी सांगतेय, लोणी कमी खा, पायी चाल, डॉक्टरकडे जा. ऐकलं? आता यंत्राने सांगितलं म्हणून रोज बंदरापर्यंत चालत जातो. दुपारी दोन तास गुपचूप पडून राहतो. त्याला एवढ्यात काही सांगू नकोस.”

“पण ती सही...”

“आण ते कागद. निम्मा कारखाना माझ्या नावावर आहे. मला खरं कळलंय ना? मग झालं तर.” तिने दारालाच कागद टेकवले आणि हेल्गेच्या सहीखाली आपली सही केली. “तो जरा सुधारला की मीच सांगेन. नाताळ होऊ दे.”

“बोडिल, कोण आलंय गं?” आतून हेल्गेचा आवाज आला.

“विद्यापीठातली टिल्डे! विचारतेय, तू उठून बसलायस का?”

आत सोफा जोरात करकरला.

“नाही नाही! आडवाच आहे म्हणून सांग तिला!”