आरोहीचा परवलीचा शब्द

गणपतबुवा मैदानाच्या फाटकाशी येऊन खणखणीत आवाजात म्हणाले, "आंबोळी!"

फुटबॉलच्या स्वप्नील सरांनी कडी काही काढली नाही. "सॉरी बुवा. हा शब्द आज चालणार नाही."

"का बरं? हा शब्द सांगेल त्याच्याच हाती आमची आरोही द्यायची, हा नियम तुमचाच ना? सूनबाईने मला पाठ करून दिलाय."

"नियम माझाच. पण तुमच्याआधी तिघांनी हाच शब्द सांगितला."

बुवांनी आत डोकावलं. बाकावर शेजारच्या कमलकाकू आणि चाळीतला रामदास टेलर तोंड पाडून बसले होते. मांडीवर बॉल घेतलेली नात मात्र मजेत होती.

"तुमच्या सुनेला, प्रितीला आज उशीर होणार कळलं, म्हटलं जाता जाता पोरीला घेऊन जाऊ," कमलकाकू म्हणाल्या. "तर हा बाबा ऐकेल तर शपथ!"

"मी तर चटणीसकट सांगितला," रामदास कुरकुरला.

"पण तुम्हाला हा शब्द कळला कसा?"

"अवो, तुम्हीच नाय का सांगितलात? परवाच्या कीर्तनात!"

बुवांचा चेहरा उतरला. गुरूने कानात सांगितलेला मंत्र शिष्य प्राणापलीकडे कसा जपतो, हे ते उत्तररंगात रंगून सांगत होते. श्रोत्यांना नीट पटावं म्हणून त्यांनी नातीच्या क्लबचा दाखला दिला होता. शब्दासकट. देऊळ गच्च भरलेलं, आणि कर्णा थेट करी रोडच्या पुलाकडे तोंड करून.

"आणि तिसरा कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"हेल्मेटवाला होता कुणीतरी. शब्द बरोब्बर. आरोही म्हणाली, ओळखत नाही. मी आयडी मागितला, तर बाइक वळवून गेला."

बुवा फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर मटकन बसले. खिशातला फोन वाजला. मृदंगवाला होता. "बुवा, मंडळी जमलीत!"

"जमू देत. पोर हाती आल्याशिवाय मी इथनं हलत नाही."

अखेर प्रिती धावतपळत आली. सरांनी तिचंही कार्ड क्लबच्या नोंदवहीतल्या फोटोशी ताडून पाहिलं.

"अरे, जन्म दिलाय तिने!" कमलकाकू ओरडल्या.

"म्हणूनच तिची पोर तिलाच देतोय, काकू." कडी निघाली. आरोही येऊन आजोबांच्या कमरेला बिलगली.

बुवांनी सरांचे दोन्ही हात धरले. डोळे भरले होते. "देव कोणत्याही रूपात येतो, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. गळ्यात शिट्टी घालून आलेला आज पाहिला."

"काहीतरीच काय, बुवा!" सर लाजले. "चला, आता नवा शब्द ठरवू."

"थांबा, थांबा! माझ्यासमोर नको!" बुवांनी घाईघाईने उपरण्याने दोन्ही कान झाकले आणि ते रस्ता ओलांडून पार पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले.

कमलकाकू मात्र बाकावरून उठून दोन पावलं पुढे सरकल्या.