हिरव्या पोपटाचं विमान

"आई, विमान कोरं करकरीत आहे," असं सासूबाईंना सांगून बापूंनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तेव्हा ते विमान रंगाऱ्यांच्या ताब्यात होतं आणि त्याच्या शेपटावरचा हिरवा पोपट अजून पुसला गेला नव्हता.

पोपट ही एका बुडालेल्या विमान कंपनीची निशाणी. ती कंपनी बुडाली नेमकी सासूबाई बॅग घेऊन विमानतळावर उभ्या असताना. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या सासूबाई बसचे धक्के खात पोचल्या, तोवर नात जन्माला येऊन, रडून, झोपलीसुद्धा होती. "मेल्यांनी माझाच पोपट केला!" त्या म्हणाल्या. "त्यांच्या विमानात या जन्मात पाय ठेवणार नाही."

आणि आता त्याच कंपनीचं विमान बापूंच्या छोट्या कंपनीनं स्वस्तात उचललं होतं. निवड खरेदी अधिकाऱ्याची, म्हणजे खुद्द बापूंची. पहिल्या उड्डाणाला कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना आमंत्रण होतं. विमान जाणार त्याच शहरात सासूबाईंची थोरली बहीण आजारातून उठून वाट बघत होती. खरं सांगावं तर सासूबाई येणार नाहीत, खोटं सांगावं तर पोपट बोलणार.

बापूंनी पोपटांची उचलबांगडी सुरू केली. पडद्यांवर पोपट, उशांवर पोपट, चमच्यांच्या दांड्यांवर पोपट. विमान कमी आणि पिंजराच जास्त! तरी बरेच निसटले.

सासूबाई खिडकीशी बसल्या, बापू मध्ये, बायको पलीकडे. सासूबाईंनी पट्टा लावला. बकलावर पोपट! त्यांनी घाईघाईनं शाल पसरली.

"गारठा आहे, आई."

"मला तर उकडतंय."

"वर गेलं की गारठतं."

समोरच्या खिशातल्या सूचनापत्रावरही पोपट होता. ते ओढून बापू त्यावर बसले.

"अहो, असे अंग चोरून काय बसलात?" बायकोनं विचारलं. "भीती वाटतेय का?"

मग चहा आला. सासूबाईंनी कप उचलला, तर कपाच्या पोटावर तोच हिरवा पक्षी. बापूंनी झडप घालून कप घेतला आणि चहा एका दमात घशात ओतला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, आईचा चहा काय पिताय!" बायको दबक्या आवाजात खेकसली. "घरी मिळत नाही का?"

"थंड होता," बापू पोळलेल्या जिभेनं म्हणाले.

एवढ्यात विमानाला हिसका बसला. पट्टे बांधायचा दिवा लागला आणि त्याबरोबर, कुणी पुसायचा विसरलेला जुना गोड आवाज घुमला, "पोपट परिवारात आपलं स्वागत! आमची साथ, आयुष्यभर!"

मग पुढच्या रांगेतले एक जाडजूड गृहस्थ ताडकन उठले. "म्हणजे हे त्या बुडालेल्या कंपनीचं भंगार आहे?"

"काय सांगता!" त्यांचा शेजारी दचकला.

"मला उतरायचंय!" मागून कुणी तरी ओरडलं. उतरायचं कुठे, हे त्याला विचारण्याच्या मनःस्थितीत कोणीच नव्हतं. हवाईसुंदरी बसा बसा म्हणत होती आणि माणसं उठत होती.

बापू उभे राहिले. "घाबरू नका हो! मी स्वतः तपासून घेतलंय. एक इंजिन तर नवंच बसवलंय!"

"म्हणजे जुनं बिघडलं होतं!" गृहस्थ गरजले. आता उरलेसुरलेही उठले.

"बसा खाली सगळे!" हा आवाज सासूबाईंचा होता. "कंपनी बुडाली, विमान बुडालेलं नाही. मालकांनी माती खाल्ली, त्यात या बिचाऱ्याचा काय दोष? हे आमचे जावई बघा. दुसरीकडे ठरलेलं लग्न मोडलं, म्हणून आमच्या वाट्याला आले. आम्ही चांगले ठोकून-वाजवून घेतले. कधीमधी कुरकुरतात, पण एवढ्या वर्षांत बंद पडले नाहीत!"

आधी एक जण हसला, मग सगळं विमान हसलं. जाडजूड गृहस्थ बापूंना नीट निरखून खाली बसले.

"आई, तुम्हाला माहीत होतं?" बापूंनी हळूच विचारलं.

"विमानाचं? चढतानाच. दारातल्या पायपुसण्यावर भला मोठा पोपट आहे. पण ताईला भेटायचं होतं. आणि तुमची एवढी धडपड चाललेली, म्हटलं कशाला हिरमोड करायचा?"

बापूंना भरून आलं. ही बाई आपल्याला आईसारखी का वाटते, ते त्यांना आज कळलं. ते काही बोलणार, तोच दुसऱ्या बाजूनं अगदी शांत आवाज आला.

"कुठलं ठरलेलं लग्न?"

बापूंनी बायकोकडे पाहिलं. मग आशेनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेरच्या ढगांत एकाएकी फार रमून गेल्या होत्या.

"मंडळी," वैमानिकाचा आवाज आला, "धावपट्टी मोकळी नाही. बराच वेळ वरच घिरट्या घालाव्या लागतील. कृपया कुणीही जागेवरून उठू नये."