व्यंकटरावांनी दाढी केली नाही

त्या दिवशी सकाळी सातला व्यंकटरावांनी दाढी केली नाही. सगळं सुरू झालं ते इथून.

एरवी सात म्हणजे सात. व्हरांड्याच्या गजाला आरसा अडकवायचा, स्टीलच्या वाटीत गरम पाणी घ्यायचं आणि वीस मिनिटं निवांत दाढी करायची. जिल्हा परिषदेत छत्तीस वर्षं कारकुनी झाली. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. बायको यमुनाबाई जाऊन पावणेतीन वर्षं झाली. दाढी चुकली ती फक्त यमुनाबाई गेल्या तेव्हाचे दहा दिवस. सिडकोतल्या त्या गल्लीत लोक व्यंकटरावांशी फारसं बोलायचे नाहीत, पण त्यांची दाढी बघून पोरांना शाळेसाठी उठवायचे.

यामागं चारुता होती. चारुता म्हणजे मुलगी, पुण्यात असते, दर रविवारी फोन करते. मागच्या रविवारी बोलता बोलता व्यंकटराव म्हणून गेले की रात्री झोप लागत नाही. मुलीला असलं काही सांगू नये. तिनं तिथं बसल्या बसल्या बुकिंग केलं.

“बाबा, फ्लोटेशन थेरपी. उल्कानगरीत नवीन सेंटर निघालंय. कोमट पाण्याची टाकी असते, त्यात चारशे किलो मीठ. माणूस बुडत नाही, नुसता तरंगतो. तासभर अंधार, आवाज नाही, फोन नाही.”

“आणि बोलायला कोण?”

“कोणीच नाही, बाबा! तीच तर मजा आहे.”

व्यंकटरावांनी समोर बघितलं. टीव्ही बंद होता. पंखा चालू होता. समोरच्या खुर्चीवर कालचा पेपर बसला होता. पण पोरीनं एवढ्या हौसेनं केलंय, म्हणून ते म्हणाले, “छान.”

मग सेंटरमधून राजनंदिनी नावाच्या मुलीचा फोन आला. तिनं तयारी सांगितली. सेशनच्या दिवशी दाढी करायची नाही, मीठ झोंबतं. केसांना तेल नको. अंगाला बाम, क्रीम, सेंट काही नको. अंगठी काढून ठेवायची. सकाळपासून चहा बंद. जेवण हलकं. “आणि काका, चार म्हणजे चार हं.”

व्यंकटरावांना लई बरं वाटलं. अकरा वर्षांनी कोणीतरी त्यांना वेळ दिली होती आणि नियम लावले होते. त्यांनी सगळ्या सूचना फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवल्या, खाली तारीख टाकली, सही केली आणि कागद बेडरूममध्ये कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला.

तर ते सकाळी सातला व्हरांड्यात नुसतेच बसले होते. डोकं शिकेकाईनं धुऊन कोरडं केलेलं. अंगावर धुवट पंचा. हनुवटीवर पांढरी खुंटं.

शेजारचे सांडूभाऊ दात घासत कुंपणापाशी आले. सांडूभाऊ मूळचे पिशोर गावचे. पोरं वाळूजला कंपनीत लागली तसे नवरा-बायको इकडं आले. घरात दोन पोरं, दोन सुना, चार नातवंडं आणि दिवसभर गलका.

“काका, आरसा फुटला व्हय?”

“नाही. आज दाढी नाही.”

“तब्येत?”

“तब्येत बरी आहे.”

तेवढ्यात सांडूभाऊंच्या बायकोनं, सारजाबाईनं, कुंपणावरून चहाचा कप पुढं केला. “घ्या काका, जास्तीचा झालाय.”

“नको हो. आज चहा चालत नाही मला.”

सांडूभाऊंचा हात थांबला. त्यांनी आता नीट बघितलं. दाढी नाही, तेल नाही, बोटात अंगठी नाही, चहा नाही. ते फाटक उघडून आत आले आणि खांद्यावर हात ठेवायला गेले, तर व्यंकटराव पटकन मागं सरकले.

“आज लांबूनच, सांडूभाऊ. आज शिवू नका मला.”

खरी गोष्ट अशी की सांडूभाऊंच्या हाताला कायम गुडघ्याचा बाम असतो. पण तोंडावर कसं सांगायचं, म्हणून व्यंकटराव तेवढंच बोलले.

नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं. सारजाबाईनं पदर तोंडाशी धरला.

“कोणी कळवलं, काका?”

“चारुताचा फोन होता.”

“पैठणचं काय?” सांडूभाऊंनी हळूच विचारलं.

पैठणला व्यंकटरावांचा धाकटा भाऊ, श्रीरंग. चारुता सोडली तर तेवढंच एक रक्ताचं माणूस, आणि ते गल्लीला माहीत होतं. भांडण झालंय हेही माहीत होतं. भांडण कशावरून, तर यमुनाबाईंच्या तेराव्याला पंगतीत श्रीरंग मोठ्यानं म्हणाला होता, “भाजीत मीठच नाही.” व्यंकटराव म्हणाले होते, “मग जिथं मीठ आहे तिथं जाऊन जेव.” तो ताटावरून उठला. तेव्हापासून ना फोन ना येणं-जाणं.

व्यंकटरावांना वाटलं, हे त्याच भांडणाचं विचारतायत. त्यांनी मान खाली घातली.

“रंगाशी बोलायचं राहूनच गेलं, सांडूभाऊ.”

झालं.

तासाभरात सारजाबाई टोपलं घेऊन आल्या. त्यात पिठलं, ज्वारीच्या भाकरी, ठेचा. म्हणाल्या, “चूल पेटवू नका, काका. आम्ही हायेत.” व्यंकटरावांना वाटलं, आज हिला काय झालं? हलकं जेवायला सांगितलंय आणि समोर हे वाफाळतं पिठलं! पण कोणी गरम भाकरी आणून देणं, पुढ्यात बसून वाढणं, हे किती दिवसांनी होत होतं. ते दीड भाकरी जेवले.

मग समोरचे दोघं आले. मग कोपऱ्यावरचा पिठाची गिरणीवाला कडुबा आला. मग वरच्या मजल्यावरच्या बायका. सगळे सतरंजीवर बसले, खाली बघत. कोणी मोठ्यानं बोलेना. व्यंकटराव गोंधळले. त्यांना वाटलं, चारुतानं फोन करून सगळ्यांना सांगितलं की काय, बाबांची पहिलीच वेळ आहे म्हणून? पण तरंगायला जाणाऱ्या माणसाला बघायला इतकी माणसं?

दहा मिनिटांनी समोरचे दोघं उठले. चपला घातल्या आणि मागं न बघता चालू पडले. ‘येतो’ नाही, ‘बसा’ नाही, काही नाही.

पावणेतीन वर्षांपूर्वी याच दारातून माणसं अशीच गेली होती. मयताच्या घरातून निघताना कोणी ‘येतो’ म्हणत नाही.

त्यांनी हनुवटी चाचपली. खुंटं. पंचा. पिठलं. पैठण. आणि सगळा हिशोब एकदम लागला. यांनी रंगाला मारलंय!

ते सांगायला उठणारच होते. तोंड उघडलंही. तेवढ्यात ऑफिसातले जुने सोबती धोंडिबा आत आले, शेजारी टेकले आणि म्हणाले, “व्यंकट, कसा राहतोस रे एकटा? रात्री झोप तरी लागते का?”

हा प्रश्न या घरात येऊन, समोर बसून, कोणीच विचारला नव्हता.

“नाही लागत,” व्यंकटराव म्हणाले. आणि हे तर शंभर टक्के खरं होतं.

“मलापण नाय,” कडुबा म्हणाला. “गिरणीचा आवाज डोक्यात फिरतो.”

“माझे तर पाय लई ओढतात,” वरच्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या.

मग पायांवर बोलणं निघालं, पायांवरून एरंडेलावर, एरंडेलावरून खुलताबादच्या कुठल्याशा वैद्यावर. सारजाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, “काका, तुमची पाण्याची कळशी कुठंय?” घरातून कोणीतरी काहीतरी विचारतंय! व्यंकटरावांनी उघडलेलं तोंड मिटलं. साडेतीनला निघायचंच आहे, त्यांनी मनाशी ठरवलं, साडेतीनला सांगू. तोपर्यंत रंगा मेलेला असला तर त्याचं काय जातंय? मग स्वतःच्याच विचाराची लाज वाटून ते पाणी प्यायले. तरी बसूनच राहिले.

इकडं सांडूभाऊंना काही राहवेना. सख्खा भाऊ गेला आणि या माणसाला मातीला बोलावलं नाही? भांडण असलं म्हणून काय झालं? त्यांनी टीव्हीजवळच्या डायरीतून पैठणचा नंबर काढला, व्हरांड्यात गेले आणि पलीकडून आवाज येताच सुरू झाले.

“लाज वाटत नाय का तुम्हाला? माणूस जातो अन् सख्ख्या भावाला कळवायची पद्धत नाय?”

पलीकडं फोन श्रीरंगनंच उचलला होता. “कोण बोलतंय?”

“व्यंकटरावांच्या शेजारून बोलतो, सांडू! घर माणसांनी भरलंय इथं. अन् तुम्ही आपले गप! जरा तरी माणुसकी?”

श्रीरंगच्या हातातून फोन पडला. सांडूभाऊंना वाटलं, लाजेनं ठेवला.

पावणेतीनला फाटक वाजलं. दारात श्रीरंग उभा. पायात दोन वेगवेगळ्या चपला, शर्टाची बटणं वरखाली, आणि हातात एस.टी.चं तिकीट अजून तसंच. “दादा रे!” त्यानं उंबऱ्यातच हंबरडा फोडला. “एकदा तरी बोलायचं होतं रे माझ्याशी!”

सगळे दाराकडं बघत राहिले. श्रीरंगनं डोळे पुसले आणि आत बघितलं. दादा सतरंजीवर मांडी घालून बसला होता, हातात भाकरीचा तुकडा.

“तू जिवंत?” श्रीरंग म्हणाला.

“हेच आम्ही तुम्हाला विचारणार होतो,” धोंडिबा म्हणाले.

सांडूभाऊ भिंतीला टेकले. “मग इथं मेलं कोण?”

व्यंकटराव उठले, बेडरूममध्ये गेले आणि खिळ्यावरचा फुलस्केप घेऊन आले. सहीसकट. धोंडिबांनी तो चष्मा लावून मोठ्यानं वाचला. दाढी, तेल, बाम, अंगठी, चहा. शेवटी, ‘दुपारी चार वाजता टाकीत प्रवेश.’

“टाकीत?” कडुबा म्हणाला. “पाण्याच्या?”

“मिठाच्या पाण्याच्या,” व्यंकटराव अगदी बारीक आवाजात म्हणाले. “चारशे किलो मीठ असतं. तरंगायचं. झोप लागावी म्हणून.”

श्रीरंगनं भावाकडं बघितलं. मग म्हणाला, “चारशे किलो! अन् तेराव्याच्या भाजीत चिमूटभर नव्हतं!”

मग व्यंकटराव हसले. पहिल्यांदा बारीक, मग पोट धरून. श्रीरंग हसता हसता परत रडायला लागला आणि मधेच म्हणाला, “पण खरंच नव्हतं रे मीठ.”

“नव्हतंच,” व्यंकटराव म्हणाले. “भाजी मीच केली होती. ती नसताना पहिल्यांदा. मीठ कुठं ठेवते तेच सापडलं नव्हतं मला.”

श्रीरंग भावाच्या शेजारी खाली बसला.

सारजाबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “अन् माझं पिठलं? जित्या माणसासाठी म्या मयताचं पिठलं घेऊन आले! सांगायचं नाय व्हय, काका? सकाळपासून माझ्या पोटात चहाचा घोट नाय!”

व्यंकटरावांचं तोंड उतरलं. आता सगळे उठणार. रागानं उठणार, म्हणजे आता ‘येतो’ म्हणायचा प्रश्नच नाही. “चुकलंच माझं,” ते म्हणाले. “सांगणार होतो. पण तुम्ही सगळे आला होतात. मग सांगवेना.”

सारजाबाईंचे कमरेवरचे हात हळूच खाली आले.

तेवढ्यात फोन वाजला. राजनंदिनी. “काका, निघालात ना? टाकी तयार आहे.”

व्यंकटरावांनी खोलीभर नजर फिरवली. “बाळ, आज नाही जमणार. घरात माणसं आहेत.” हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते परत म्हणाले, “घरात बरीच माणसं आहेत.”

“अहो, वेळ वाया जाईल, काका. दुसऱ्या कोणाला तरी पाठवा.”

व्यंकटरावांनी सगळ्यांना विचारलं. कडुबा म्हणाला, मला पाण्याची भीती वाटते. धोंडिबांनी नुसतीच मान हलवली.

“काका,” सारजाबाई हळूच म्हणाल्या, “तिथं तासभर कोणी हाक मारत नाय?”

“नाही.”

“टीव्ही? नातवंडं? हे?” त्यांनी सांडूभाऊंकडं बोट दाखवलं.

“कोणीच नाही.”

“चहा घ्यायचा नसतो म्हणता? म्या घेतलेला नाय.” त्यांनी पदर खोचला. “केसाला तेल हाये, पण तिथं धुता येत असंलच. ओ, गाडी काढा.”

सांडूभाऊ बायकोला उल्कानगरीत सोडून परत आले तर घरी चहा करायला कोणी नव्हतं. सुना म्हणाल्या, आत्याबाई नाहीत तोवर आम्हीपण जरा टेकतो. म्हणून ते व्यंकटरावांकडेच बसले. श्रीरंगनं चहा ठेवला. साखर कुठं आहे ते व्यंकटरावांनी लगेच सांगितलं. मीठ कुठं आहे तेही सांगितलं.

साडेपाचला चारुताचा फोन आला. “बाबा, कसं वाटलं? हलकं वाटलं ना?”

“फार हलकं,” व्यंकटराव म्हणाले.

“एवढा गोंधळ कसला ऐकू येतोय?”

“तुझा काका आलाय. नंतर बोलतो, चहा उतू चाललाय.”

पावणेसहाला सारजाबाई रिक्षातून उतरल्या. ओले केस, चेहरा एकदम मऊ. सगळे फाटकापाशी गोळा झाले. “काय झालं? काय दिसलं?”

“काय दिसणार? झोपले,” सारजाबाई म्हणाल्या. “लगीन झाल्यापासून पहिल्यांदा कोणी उठवलं नाय. ती पोरगी म्हणे, मावशी, वेळ संपली. म्या म्हणाले, अजून थोडं, अन् परत झोपले.”

दिवे लागायच्या वेळेला लोक पांगले. श्रीरंग राहणार होता. त्यानं भावाचा वस्तरा बघूनही ठेवला होता, म्हणाला, सकाळी दोघं मिळून करू. सांडूभाऊ शेवटी निघाले. फाटकापाशी थांबले, मागं वळले.

“येतो, काका.”

व्यंकटरावांनी दाराची चौकट धरली.

“या,” ते म्हणाले. आणि मग घाईघाईनं, “किती वाजता?”