नाना मास्तर आणि दोन इंची शस्त्रागार

१९८६ च्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सव्वाआठच्या सुमारास, मालवणच्या किनाऱ्यावर एक शिट्टी वाजली. ती ऐकून वीस माणसांनी रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर वेळेआधी ओढला. दुसरे टोक घेऊन येणारी होडी अजून पाण्यातच होती. जाळे तिरके झाले आणि बांगड्यांचा थवा मोकळ्या बाजूने निघून गेला. हाती दोन टोपल्या मासळी लागली. रापणकरांच्या म्होरक्याने, भिकाजी तांडेलाने, शिट्टी वाजवलेली नव्हती. ती नाना मास्तरांच्या सांगण्यावरून वाजली होती.

नाना मास्तर माझे शेजारी. चौतीस वर्षे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. शाळा सुटली, पण गळ्यातले सेकंद मोजणारे घड्याळ सुटले नाही. भाताला उकळी किती सेकंदांत येते, पाहुणा 'निघतो' म्हटल्यापासून प्रत्यक्ष किती वेळाने उठतो, देवळातली आरती कालच्यापेक्षा किती लांबली, हे सर्व त्यांच्या जुन्या हजेरीपटात नोंदलेले असे. मी वर्तमानपत्राचा वार्ताहर, म्हणून प्रत्येक वाक्याच्या शेवटी मला हुकूम होई, "नोंद घ्या, पत्रकार!"

दुसरी खूण भाषेची. एरवी ते मालवणीत बोलत. संताप आला की शुद्ध मराठीत शिरत. त्यांची मुलगी सुलू स्वयंपाकघरातूनच ओळखायची. "नाना 'अत्यंत' म्हणाले, म्हणजे आज भांडाण आसा."

त्या महिन्यात 'अत्यंत' फार वेळा ऐकू आले. सुलूला वैभववाडीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. दिवाळीनंतरच्या तिसऱ्या सोमवारी हजर व्हायचे, नाहीतर जागा यादीतल्या दुसऱ्या मुलीला जाणार होती. राहायचे तिथेच, एका खोलीत, एकटीने. सुलू नऊ वर्षांची असताना तिची आई गेलेली. नानांनी हो म्हटले नव्हते, नाही म्हटले नव्हते.

अशा वेळी समोरच्या घरातले हसनभाई एक भेट घेऊन आले.

"मास्तरांनू, माझ्या झिलान मस्कतसून पाठवल्यान हा. सुलूक होया म्हणान."

किल्ल्या अडकवायची कडी होती. तिला तीन वस्तू लटकत होत्या. एक शिट्टी, एक बोटभर चाकू आणि एक अणकुचीदार धातूची कांडी. सोबतच्या इंग्रजी कार्डावर लिहिले होते, की या साधनाने सडपातळ मुलगीही धिप्पाड माणसाला लोळवू शकते.

नानांनी कार्ड दोनदा वाचले.

"हे अत्यंत बेजबाबदार विधान आहे," ते म्हणाले.

सुलू हसली. "चाव्यांची कडी, पण चावी खंय आसा आपल्याकडे?"

तेही खरेच. आमच्या वाडीत घराला कुलूप लावत नाहीत. बाहेर जाताना दाराला नुसती कडी घालतात. कुलूप लावले, तर शेजाऱ्यांवर संशय घेतला असा अर्थ होतो. नानांच्या घरात तेव्हा एकही किल्ली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंगणात प्रयोग सुरू झाले. हजेरीपटात नवे पान उघडले गेले. प्रयोग पहिला, कांडी. नाना हल्लेखोर झाले. अंगात दोन स्वेटर, त्यावर काथ्याचे पोते गुंडाळलेले. सुलूने पर्समधून कांडी काढून त्यांना मारायची होती. नानांनी घड्याळ दाबले. सुलूने डबा बाहेर काढला, मग छत्री, मग रुमाल.

"गावली!"

"अकरा सेकंद!" नाना पोत्यातून ओरडले. "अकरा सेकंदांत माझा विद्यार्थी शंभर मीटर धावला होता, जिल्ह्यात पहिला आला होता! तोपर्यंत हल्लेखोर काय करील? रांगेत उभा राहील? नोंद घ्या, पत्रकार!"

कांडी पोत्यात रुतली आणि तिथेच अडकली. ती काढायला हसनभाई लागले. प्रयोग दुसरा, चाकू. तो उघडताना नानांचे नख मोडले. उघडल्यावर त्याने सुपारी कातरायचा प्रयत्न झाला. पाते वाकले, सुपारी तशीच राहिली.

"मास्तरांनू, भेट आसा ती," हसनभाई म्हणाले. "परीक्षा कित्याक घेतास?"

"तुमच्या मुलावर माझा राग नाही, हसनभाई. त्याने प्रेमाने पाठवले. माझा राग ज्याने हे कार्ड लिहिले त्याच्यावर आहे. आणि मला सांगा, ज्यांनी आपले हात आवरायचे त्यांना कोणी काही विकत घ्यायला सांगतो का? त्यांनी मोकळ्या हातांनी हिंडावे, आणि माझ्या मुलीने पर्समध्ये दोन इंची शस्त्रागार बाळगावे! हा कुठला न्याय?"

सुलूने वाकलेले पाते दगडावर ठोकून सरळ केले.

तिसरा प्रयोग शिट्टीचा. ती किती अंतरावर ऐकू जाते, हे पाहायचे होते. नानांनी किनारा निवडला, कारण तिथे पावले मोजता येतात. सुलूला त्यांनी सुरूच्या झाडांजवळ उभे केले आणि स्वतः दोनशे पावले मोजत गेले. मी वही घेऊन मध्ये उभा होतो. पलीकडे रापण लागली आहे, हे तिघांनीही पाहिले होते. वाऱ्यात हाक पोचत नाही म्हणून भिकाजी शिट्टीने इशारा देतो, हेही तिघांना लहानपणापासून ठाऊक होते. कोणाच्याही ते ध्यानात आले नाही.

नानांनी हात वर केला. सुलूने शिट्टी फुंकली. पुढचे वर सांगितले आहे.

वीसच्या वीस माणसे धावत आली. पुढे भिकाजी.

"शिटी कोणी मारल्यान?"

"माझ्या मुलीने. माझ्या आज्ञेवरून. दोष सर्वस्वी माझा आहे," नाना म्हणाले.

"दोष खाव काय? सकाळपासून दोर धरून उभे आसत माणसा! आता निवृत्त झालास मा, मास्तर? मग दर्यार कवायत कसली घेतास?"

सुलूने पुढे होऊन कडी दाखवली आणि काय चालले होते ते सांगितले. भिकाजीने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. त्याचा आवाज थोडा उतरला.

"म्हणजे शिटी वाजली तर कोण येता काय, ता बघूक होया होता तुमका?"

"होय," नाना म्हणाले.

"वीस माणसा इली. आणि काय होया?"

"ही माणसे मालवणात आली!" नाना ओरडले. "वैभववाडीत कोण येणार? घाटाखाली रापण लागते? तिथे ही शिट्टी म्हणजे पत्र्याचा तुकडा आहे! अत्यंत निरुपयोगी तुकडा!"

सुलू त्यांच्याकडे पाहत होती.

"नाना, तुमचो भरवसो शिटीर नाय, काय माझ्यार नाय? ता सांगा. म्हणजे दुसऱ्या मुलीक तरी नोकरी मिळात."

नानांनी घड्याळ बंद केले. घरी येईपर्यंत ते कोणत्याच भाषेत बोलले नाहीत. संध्याकाळी भिकाजीच्या घरी जाऊन त्यांनी माफी मागितली. तिथे त्यांना बांगड्याचे तिखले जेवायला घातले, असे भिकाजीने मला सांगितले.

बुधवारी सकाळी नाना घरात नव्हते. बुधवार, गुरुवार गेला. शुक्रवारी ते परतले आणि हजेरीपट माझ्या हातात दिला. पान असे होते:

'प्रयोग चौथा. वैभववाडी, सुलूच्या होणाऱ्या खोलीसमोर. वेळ दुपारी चार. शिट्टी एक, लांब. बाहेर आलेली माणसे आठ. सहा बायका, एक शिंपी, एक पेन्शनर. पहिली बाई नऊ सेकंदांत, हातात उलथने. सर्वांना कारण सांगितले. शिंपी रागावला. बाई म्हणाली, पोरीला पाठवा. पेन्शनरने चहा दिला.'

खाली दुसऱ्या शाईने लिहिले होते: 'कांडी बाद. चाकू बाद. शिट्टी, माणसे असल्यास, पास.'

सोमवारी सकाळी सव्वासहाच्या बसला सुलू निघाली. पोचवायला नाना, हसनभाई आणि मी होतो. भिकाजी सुक्या बांगड्यांची पुडी देऊन गेला. बस सुरू झाल्यावर नानांनी खिडकीतून कडी तिच्या हातात दिली. चाकू आणि कांडी काढून टाकलेली होती. शिट्टीशेजारी दोन किल्ल्या होत्या, दोन्ही एकसारख्या.

"ही खंयची चावी, नाना?"

"आपल्या घराची. कुलूप हाडलंय. कधीय ये गो."

बस गेली. त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही.

बाजारातल्या दुकानदाराने नंतर मला सांगितले, की नानांनी शनिवारी एक पितळी कुलूप नेले. ते नुसते दाबले की बसते, पण उघडायला किल्ली लागते. त्याला किल्ल्या दोनच होत्या. तिसरी करून घ्यायला नाना आजवर आलेले नाहीत.

याला आता तीन वर्षे झाली. काल संध्याकाळी मी पाहिले. कुलूप नानांच्या दाराच्या कोयंड्यात उघडे लटकत होते. ते चुकून बसू नये म्हणून त्याच्या दांडीत काथ्याची दोरी गुंडाळलेली होती. दार उघडे होते.